सुटकेच्या वाटेचे गणित

पावसाळा तोंडावर आला की सरकारी कचेऱ्यांतून एक ठरावीक विधी पार पडतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात आढावा बैठक भरते. महसूल, पाटबंधारे, आरोग्य, वीज, पशुसंवर्धन या खात्यांचे अधिकारी आपापल्या फायली घेऊन येतात. बोटी किती, लाइफ जॅकेटे किती, धान्याचा साठा किती याची मोजदाद होते आणि 'यंत्रणा सज्ज आहे' असे निवेदन दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून, आमच्याही, प्रसिद्ध होते. या निवेदनांवर अविश्वास दाखवण्याचा आमचा हेतू नाही. बोटी मोजल्याच पाहिजेत. परंतु पुराच्या दिवशी अमुक गावचा माणूस कोणत्या वाटेने, किती वाजता, कशात बसून आणि कोठे जाणार, या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या मोजदादीत सापडत नाही. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागात तर हा प्रश्न नीट विचारलाही जात नाही. कारण तो विचारावयाचा तर दोन राज्यांचे दोन नकाशे आधी एकमेकांना चिकटवावे लागतात.

बेळगावच्या पश्चिमेस बेळगुंदी हे गाव आहे. मराठी वाचकाला ते तेथे भरणाऱ्या साहित्य संमेलनामुळे ऐकून ठाऊक असेल. गावाशेजारी राकसकोपचा जलाशय, ज्याचे पाणी बेळगाव शहर पिते. त्याच्या पलीकडे थोड्याच अंतरावर तुडये. आणि तुडये म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे कोल्हापूर जिल्हा, म्हणजेच महाराष्ट्र. बेळगुंदीच्या माणसाला बाजाराला, सोयरिकीला किंवा देवाला जाताना ही सरहद्द पायाखाली जाणवत नाही. पाण्यालाही ती जाणवत नाही. राकसकोपला अडवलेली मार्कंडेय पुढे बेळगावच्या शिवारांतून वाहत जाऊन गोकाकच्या परिसरात घटप्रभेला मिळते, आणि त्याच घटप्रभेत आंबोली-चंदगडच्या डोंगरांतील हिरण्यकेशी आणि ताम्रपर्णी आपले पाणी आणून ओततात. उत्तरेला निपाणीकडे पाहावे तर वेदगंगा पाटगावच्या धरणातून येते, दूधगंगा काळम्मावाडीच्या धरणातून येते. दोन्ही धरणे महाराष्ट्रात. तेव्हा पाणी सोडणारी दारे एका राज्यात आणि बुडणारे पूल दुसऱ्या राज्यात, अशी येथील स्थिती आहे. अलमट्टीच्या बाबतीत तक्रार नेमकी उलट्या दिशेने वाहते, हेही सांगितले पाहिजे.

ऑगस्ट २०१९ मध्ये या प्रदेशाने जे पाहिले ते अजून कोणी विसरलेले नाही. सांगली आणि कोल्हापूर पाण्याखाली गेले, त्याच दिवसांत चिकोडी, निपाणी, अथणी, गोकाकही गेले. पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेने आणि निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेने अडवला. ट्रकांच्या रांगा दोन्ही बाजूंना दिवसचे दिवस उभ्या राहिल्या, कोल्हापुरात दूध आणि पेट्रोल मिळेनासे झाले. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट क्षमतेपेक्षा अधिक माणसे भरल्याने उलटली आणि डझनावर जीव गेले, त्यांत बायका आणि मुले होती. दोन वर्षांनी, २२ आणि २३ जुलै २०२१ रोजी, तोच महामार्ग पुन्हा बंद पडला.

या दुसऱ्या तारखेकडे आमच्या किनारपट्टीच्या वाचकांनी मुद्दाम पाहावे. त्याच अठ्ठेचाळीस तासांत चिपळूण बुडाले, महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळला, गोव्यात म्हादईने सत्तरी तालुक्यातील घरे पाडली, दूधसागरच्या घाटात दरड कोसळून रेल्वेचे डबे घसरले. पाऊस एक, डोंगर एक. कारभार मात्र तीन राज्यांचा आणि कितीतरी जिल्ह्यांचा. बेळगावहून येणारी भाजी आणि दूध थांबले की आमच्या बाजारपेठांत काय होते, हे गोव्यातील गृहिणींना सांगावयास नको. तेव्हा सीमाभागातील पूर हा घाटापलीकडच्या परक्यांचा पूर नव्हे.

आता पुलांविषयी. वेदगंगा, दूधगंगा आणि कृष्णा या नद्यांवर निपाणी-चिकोडी भागात बंधारेवजा बुटके पूल आहेत. गेली कित्येक वर्षे जून-जुलैत बातम्यांतून त्यांची नावे जणू पाढ्यासारखी येतात: जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कुन्नूर-भोजवाडी, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर. एकेक पूल पाण्याखाली गेला की त्या वाटेवरचा माणूस पुढच्या पुलाकडे वळतो, आणि मग पुढचाही जातो. अखेर सगळा भार महामार्गावर येतो, आणि यमगर्णीला तोही तुटतो. हा क्रम दैवाधीन नाही. कोणता पूल नदीची पातळी किती झाल्यावर बुडतो हे ठाऊक आहे. धरणातून सोडलेले पाणी कोणत्या गावाला किती तासांनी पोहोचते हेही पाटबंधारे खात्याला ठाऊक आहे. कोणत्या गावात माणसे किती, हे जनगणनेत आहे. ज्याचे सगळे आकडे हाताशी आहेत असे हे एक गणित आहे. ते कोणी मांडलेले नाही, एवढेच.

आम्ही साहित्याचे विद्यार्थी. गणिताशी आमचा संबंध शाळेबरोबरच सुटला आणि त्याचे आम्हांला फारसे दुःखही झाले नव्हते. परंतु या विषयाचे जाणकारांकडून जे समजून घेतले, त्याने आमचे मत बदलले. जाळ्यातून किती प्रवाह वाहू शकतो याचे शास्त्र १९५० च्या दशकात अमेरिकेत फोर्ड आणि फुल्कर्सन या दोन गणितज्ञांनी उभे केले. त्याचा उगम काही भूतदयेतून झाला नव्हता. सोव्हिएत रशियाची पूर्व युरोपातील रेल्वे नेमकी कोठे तोडली असता तिची वाहतूक थांबेल, अशा लष्करी जिज्ञासेतून तो झाला. उत्तर असे निघाले की, जाळे कितीही मोठे असो, त्यातून जास्तीत जास्त जितके वाहू शकते ते त्याच्या सर्वांत अरुंद छेदाइतकेच असते. शत्रूची वाट तोडण्यासाठी शोधलेले हे सूत्र पुढे आपल्या माणसांना वाट काढून देण्यासाठी वापरले जाऊ लागले. १९५८ मध्ये त्याच दोघांनी त्यात काळाचा हिशोब घातला: वाट किती रुंद, एवढेच नव्हे, तर ती ओलांडायला किती वेळ लागतो आणि ती केव्हापर्यंत उघडी आहे.

सूत्र ऐकायला सोपे आहे. ते गावाला लावून पाहिले म्हणजे त्याचे मर्म कळते. समजा, नदीकाठी चार हजार वस्तीचे गाव आहे. निवारा केंद्र, ज्याला बेळगावकडे 'गंजी केंद्र' म्हणतात, जवळच्या वाटेने चार किलोमीटरवर आहे. पण ती वाट बुटक्या पुलावरून जाते. दुसरी वाट वीस किलोमीटरची, उंचावरून जाणारी. गावाला दहा ट्रॅक्टर-ट्रॉल्या मिळाल्या. एका ट्रॉलीत बोचक्यांसह पंधरा माणसे आणि चढणे-उतरणे धरून एका खेपेला चाळीस मिनिटे. म्हणजे तासाला पंधरा खेपा, २२५ माणसे; आणि चार हजारांना जवळजवळ अठरा तास. पूल पहाटे चारला बुडणार असेल, तर पहिली ट्रॉली आदल्या दिवशी सकाळी दहा वाजता हलली पाहिजे. त्या वेळी पाणी नदीच्या पात्रातच असते, ऊन-पावसाचा खेळ चालू असतो आणि घर सोडा म्हणून सांगणारा अधिकारी गावात चेष्टेचा विषय होतो.

ट्रॉल्या वीस केल्या तर काम नऊ तासांत होते. संध्याकाळी सातला निघाले तरी चालेल. मग तीस केल्या तर सहा तासांत व्हावे, असे कोणालाही वाटेल. ते होत नाही. पूल एकपदरी आहे. त्यावरून तासाला साठ वाहने जात असतील तर तीस भरलेली जाणार आणि तीस रिकामी परतणार. विसाव्या ट्रॉलीबरोबर पूल भरला. एकविसावी पाठवणे म्हणजे पुलाच्या तोंडाशी रांग वाढवणे. वरच्या दहा ट्रॉल्या लांबच्या वाटेने काढल्या, तिकडे एक खेप तीन तासांची असली तरी, एकूण काम आठ तासांवर येते. एक तास वाचला. जो मामलेदार अधिक वाहने मिळवली म्हणून समाधान मानतो आणि ती सगळी जवळच्या पुलावर सोडतो, त्याच्या हातून तेवढा तास निसटतो. आणि तो आळशी किंवा निष्ठुर असतो म्हणून नव्हे. अडलेली जागा आधी वाहनांत होती, ती पुलावर सरकली, हे उघड्या डोळ्यांना दिसत नाही. कागदावर दिसते.

वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की या हिशोबात आम्ही जनावरे धरलेली नाहीत. सरकारी हिशोबातही ती बहुधा शेवटच्या ओळीत येतात, आणि पूर ओसरल्यावर 'नागरिकांनी वेळेवर सहकार्य केले नाही' अशी तक्रार केली जाते. २०१९ साली कृष्णाकाठची पुष्कळ कुटुंबे घर सोडावयास तयार नव्हती, ती दावणीच्या म्हशीसाठी. दुधावर ज्याचा आठवड्याचा बाजार चालतो त्याला म्हैस सोडून ये म्हणणे म्हणजे दुकानदाराला दुकान वाहू दे म्हणण्यासारखे आहे. त्या गावात दीड हजार जनावरे असली आणि एका ट्रॉलीत चार मावत असली, तर पावणेचारशे खेपा होतात. पूल पूर्ण भरून चालवला तरी साडेबारा तास. म्हणजे माणसांपेक्षा जनावरांनाच वेळ अधिक. पण गणित येथे थांबत नाही, उलट उपयोगी पडते. जनावराला ट्रॉली लागत नाही. ते चार किलोमीटर आपल्या पायांनी चालते. तेव्हा आधी, दिवसाउजेडी, रस्ता मोकळा असताना, जनावरे पायी हलवावीत आणि त्यांच्या मागून माणसे. आज बरोबर उलट होते: माणसे आधी, जनावरे मागून, आणि मग जनावरांसाठी रात्री परत फिरलेला मालक पुरात अडकलेला. म्हैस पलीकडे गेली की तिचा धनी आपण होऊन पलीकडे जातो, त्याला पोलिसांनी बाहेर काढावे लागत नाही. अर्थात पलीकडे छावणी हवी, वैरण हवी. निवारा केंद्राची जागा शाळेच्या खोल्या पाहून ठरवली जाते. गोठ्याची जागा पाहून ठरवल्याचे उदाहरण आमच्या ऐकिवात नाही.

अशी गावे एक नव्हे, शंभर. वाटा एकमेकींत गुंतलेल्या. पाऊस प्रत्येक वेळी वेगळा. हाताने हा हिशोब होणार नाही, म्हणून संगणक. संगणकावर पुराचा लटका प्रयोग करता येतो. नकाशावर रस्ते, पूल, गावे मांडावीत, पाणी चढवावे, माणसांना हलवावे आणि काय होते ते पाहावे. मग पाऊस दीडपट करावा, रात्रीची वेळ घ्यावी, एक पूल आधीच तुटल्याचे धरावे आणि पुन्हा पाहावे. हजार वेळा बुडवून एकही माणूस दगावत नाही, हा या प्रयोगाचा मोठा गुण. मिनेसोटा विद्यापीठातील शशी शेखर या भारतीय वंशाच्या संगणकशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह या शतकाच्या पहिल्या दशकात वाटांची क्षमता आणि वेळ एकत्र धरणारी रीत तयार केली. तेथील अणुवीज केंद्राभोवतीच्या वस्तीसाठी ती वापरून पाहता जुन्या आराखड्यापेक्षा वेळ बराच कमी झाला. थोड्या अंतरासाठी मोटारीत बसण्यापेक्षा चालणे जलद पडते, असेही निघाले. ब्रह्मनाळच्या बोटीची आठवण ज्यांना आहे त्यांना या निष्कर्षाचे नवल वाटू नये. वाहन हे नेहमीच सुटकेचे साधन नसते.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशालाही हे शिकण्याची किंमत पडली. सप्टेंबर २००५ मध्ये रिटा वादळ येणार म्हणून ह्यूस्टन आणि आसपासची वीस-पंचवीस लाख माणसे एकाच वेळी आपापल्या मोटारी घेऊन रस्त्यावर आली. रस्ते गोठले, उन्हात, इंधन संपलेल्या गाड्यांतून माणसे तासन् तास अडकली. प्रत्यक्ष वादळापेक्षा पळापळीत अधिक माणसे मेली, त्यांत एका जळालेल्या बसमधील वृद्धाश्रमाची तेवीस माणसे होती. याउलट आपल्याच देशात ओडिशाने १९९९ च्या महावादळात सुमारे दहा हजार माणसे गमावल्यावर किनाऱ्यावर आश्रयगृहे बांधली, गावोगाव माणसे नेमली, आणि २०१३ च्या फायलिन वादळापूर्वी दहा लाखांच्या आसपास लोक हलवून बळींची संख्या पन्नासच्या आत ठेवली. तेथे महागडी यंत्रे चालली नाहीत. कोणी कोणत्या घरात जावयाचे हे आधी ठरले होते, एवढेच.

गर्दीच्या शास्त्राचा धडा तर आम्हां गोवेकरांच्या अगदी घराशी आहे. मे २०२५ मध्ये शिरगावच्या श्री लईराईच्या जत्रेत पहाटेच्या वेळी उतरणीवर जी चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे बळी गेले, आणि त्याआधी २००५ च्या जानेवारीत मांढरदेवच्या डोंगरावर जे घडले, तेथे पूर नव्हता की वादळ नव्हते. अरुंद वाट होती, उतार होता, आणि वाटेच्या क्षमतेहून अधिक माणसे एकाच क्षणी होती. जर्मनीतील हेल्बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली संगणकावर गर्दी चालवून दाखवले की दाराशी माणसे जितकी घाई करतात तितकी ती सावकाश बाहेर पडतात. आपल्या आजीबाईंना हे दारातल्या मुलांकडे पाहून ठाऊक होते. शास्त्रज्ञांनी त्याला माप दिले.

मात्र गणिताच्या भक्तांनाही एक गोष्ट विचारावीशी वाटते. कमीत कमी वेळ, असे जे ते म्हणतात, तो कोणाचा वेळ? सर्व गावांचा मिळून सरासरी वेळ कमी करा म्हणून सांगितले, तर संगणक मोठी, रस्त्यालगतची गावे आधी रिकामी करील आणि पाणंदीच्या टोकाची चाळीस घरांची वस्ती शेवटी ठेवील, कारण आकड्यांत ते फायद्याचे ठरते. शेवटचा माणूस लवकरात लवकर बाहेर पडावा असे सांगितले, तर तोच संगणक वेगळा आराखडा देईल. आपल्या गावांत नदीच्या उताराला, सखल जागी, कोणाची घरे आहेत हे वाचक जाणतात. ज्याला गावाने पिढ्यान् पिढ्या खालची जागा दिली, त्याला सुटकेच्या यादीतही खालची जागा मिळावी काय? संगणकाला याचे उत्तर येत नाही. ते अधिकाऱ्याने आणि गावाने द्यावयाचे असते, आणि ग्रामसभेत उघडपणे द्यावयाचे असते. वृद्ध, बाळंतीण, अंथरुणाला खिळलेला रोगी, यांची घरे आधीच नकाशावर मांडली पाहिजेत. पुराच्या रात्री ती शोधत फिरण्याची नव्हेत.

आता सरहद्दीकडे येऊ. सीमाप्रश्नावरील आमची भूमिका वाचकांना ठाऊक आहे. १९५६ च्या पुनर्रचनेने जे केले, महाजन आयोगाने १९६७ मध्ये जे सांगितले, आणि महाराष्ट्राने २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात जे मांडले आहे, त्याची चर्चा येथे करावयाची नाही. न्यायालयाचा निकाल जेव्हा आणि जसा लागावयाचा तसा लागो. वेदगंगेचा पूर त्याची वाट पाहणार नाही. आम्हांला दिसते ते असे की, ज्या नकाशावर सुटकेच्या वाटा काढल्या जातात तो नकाशा राज्याच्या हद्दीशी संपतो. मलिकवाड कर्नाटकात आणि दत्तवाड महाराष्ट्रात. मध्ये दूधगंगा आणि एक पूल. बेळगावच्या आराखड्यात त्या पुलाचे अलीकडचे टोक आहे, कोल्हापूरच्या आराखड्यात पलीकडचे. निपाणी तालुक्यातील कित्येक गावांना कागल किंवा इचलकरंजी ही चिकोडीपेक्षा सोयीची जागा असेल. शिरोळ तालुक्यातील काहींना, खिद्रापूरसारख्या नदीच्या वळणातील गावाला, कर्नाटकातील उंच जागा सोयीची असेल. जाळ्याच्या गणिताला ही गोष्ट एका फटक्यात दिसते. आपल्या आराखड्यांना ती दिसत नाही, कारण त्यांनी निम्मे जाळे आधीच पुसून टाकलेले असते. नदीने एकही पूल बुडवण्यापूर्वी आपण होऊन तोडलेल्या या वाटा आहेत.

वाटा माणसांच्या हुकमानेही तुटतात, हा अनुभवही ताजा आहे. २०२१ मध्ये कोगनोळीच्या नाक्यावर करोना चाचणीचा दाखला मागून वाहने परत फिरवली जात होती. साथीत ते कदाचित आवश्यक असेल. ६ डिसेंबर २०२२ रोजी हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही काळ एकमेकांच्या हद्दीत जाईनाशा झाल्या. अशा एखाद्या आठवड्यात जर पूर आला, तर महाराष्ट्राच्या पाटीचा ट्रॅक्टर कर्नाटकातील गावात माणसे काढावयास जाईल काय, आणि कर्नाटकाच्या पाटीचा इकडे येईल काय? दोन्हीकडच्या शेतकऱ्यांविषयी आम्हांला शंका नाही, ते जातील. शंका आहे ती नाक्यावरच्या शिपायाला कोणता हुकूम असेल याची.

पाण्याविषयी दोन्ही सरकारे एकमेकांशी बोलूच शकत नाहीत, असेही नव्हे. २०१९ च्या पुरात अलमट्टीचा विसर्ग पाच लाख क्युसेकांवर नेण्यात आला. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन जलसंपदा मंत्री जयंत पाटील बंगळूरला जाऊन तत्कालीन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले आणि धरणांच्या विसर्गाची माहिती परस्परांना देण्याचे ठरले. अलमट्टीने सांगली-कोल्हापूर बुडते की नाही हा वाद आहेच. वडनेरे समितीने २०२० मध्ये तसे नसल्याचे म्हटले, तरी उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्यास महाराष्ट्राचा विरोध कायम आहे. तो वाद लढावा. पण लक्षात घ्यावे की एवढ्या वादातही अभियंते दूरध्वनीवर आकडे सांगतात. धरणांच्या दारांपुरते जे जमते ते गावांच्या माणसांपुरते का जमू नये? सुटकेच्या वाटेवर कोणाचा दावा नाही, तिच्यासाठी कोणी न्यायालयात गेलेले नाही.

कायद्यात याची सोय अपुरी आहे, हे खरे. आपत्ती व्यवस्थापनाच्या २००५ च्या कायद्याने राष्ट्र, राज्य आणि जिल्हा अशा पायऱ्या केल्या. नदीच्या खोऱ्याची पायरी त्यात नाही. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांच्या मालकांना पाच वर्षांच्या आत आणीबाणीचा आराखडा करण्यास सांगितले. जुलै २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण रात्री फुटून जी कुटुंबे वाहून गेली, त्यानंतर अशा आराखड्याची गरज कोणाला पटवून द्यावी लागू नये. परंतु धरण फुटले तर पाणी कोठवर जाईल हे दाखवणारा नकाशा हा अर्धाच नकाशा होय. माणसे कोठे जातील हा दुसरा अर्धा भाग त्यावर चढवला पाहिजे, आणि पाणी सरहद्द ओलांडत असेल तर तो एका राज्याला एकट्याने काढता येणार नाही.

यातच भाषेचाही हिशोब येतो. इशारा निघाल्यापासून माणूस उंबरठा ओलांडीपर्यंतचा वेळ हा या गणितातील सर्वांत मोठा आणि सर्वांत अनिश्चित आकडा. बेळगुंदी किंवा कारदग्याच्या म्हातारीला कन्नडमधील सूचना शेजाऱ्याकडून समजून घ्यावी लागली, तर तेवढी मिनिटे गेली. जत किंवा अक्कलकोटच्या कन्नड घरात मराठी सूचना गेली तर तेथेही तीच मिनिटे जातात. मराठीतून परिपत्रके मिळावीत ही सीमाभागातील मराठी माणसाची जुनी मागणी अस्मितेची म्हणून बाजूला सारली जाते. पुराच्या इशाऱ्यापुरती तरी ती पुलावरच्या वेळेची मागणी आहे, असे समजून मान्य करावी.

करावयाचे काय, तर फार मोठे काही नाही. बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे, सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे दरवर्षी शेकडो मुले अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून काहीतरी करतात आणि बहुतेक वेळा ते कपाटात जाते. दोन्ही बाजूंच्या मुलांच्या एका तुकडीला कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा आणि घटप्रभा यांच्या काठच्या गावांचा एकच नकाशा करावयास द्यावा. त्यात राज्याची रेघ काढूच नये. प्रत्येक बुटक्या पुलापुढे तो किती पातळीला बुडतो ते लिहावे. हंगाम संपल्यावर साखर कारखान्यांच्या उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या पावसाळाभर रिकाम्या उभ्या असतात. त्यांच्या मालकांची गावनिहाय यादी करून भाडे आधीच ठरवावे, म्हणजे पुराच्या रात्री घासाघीस होणार नाही. निघालेला आराखडा इंग्रजी अहवालात न गाडता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवावा: आपल्या गावाची पहिली वाट कोणती, दुसरी कोणती, जनावरे किती वाजता, कोणती आळी आधी. आणि एखाद्या कोरड्या रविवारी, मे महिन्यातच, गावाने एकदा खरोखर निघून पाहावे. तेव्हाच कळेल की कागदावरच्या चाळीस मिनिटांची प्रत्यक्षात दीड तास होतात काय. झाली, तर आकडा दुरुस्त करावा.

पुढच्या मे महिन्यात बेळगावला एक बैठक होईल आणि कोल्हापूरला एक. आमची सूचना एवढीच की त्यांतील एक बैठक दोघांनी मिळून निपाणीला घ्यावी. कोणत्याही बाजूने मोटारीने दीड तासाचा रस्ता आहे आणि मे महिन्यात यमगर्णीचा पूल कोरडा असतो. येताना कोल्हापूरच्या अधिकाऱ्यांनी पाटगाव आणि काळम्मावाडीच्या विसर्गाच्या वेळा आणाव्यात, बेळगावच्या अधिकाऱ्यांनी बुडणाऱ्या पुलांच्या पातळ्या. आणि मलिकवाड-दत्तवाडचा पूल पाणी किती चढल्यावर, कोणी आणि कोणत्या बाजूने बंद करावयाचा, हा बैठकीतील पहिला विषय असावा.